सेव्हन एट जा

कोल्हापूर
१२ फेब्रुवारी

क्रांती,

आधी हिशेब. एकोणिसापर्यंतचे पाढे आपल्याला कितीला पडले ते लिहितो. इंग्रजी शाळेची फी धरत नाही, नातवाला इथं ठेवून ती मी हौसेनं भरली. राजवीरचं संध्याकाळचं मातीत खेळणं गेलं. तुझ्या आईची दुपारची झोप गेली. माझ्या गाडीतली गाणी गेली. जूनपासून गाडीत पाढ्यांशिवाय दुसरा आवाज नाही. पाचाचा पाढा आला तेव्हा पेढे वाटले, दहाचा आला तेव्हा सायकल घेतली, आणि एकोणिसाचा आला तेव्हा मुलगी गेली. ती आता बापाचा फोन उचलत नाही.

ब्लॉक करणं म्हणजे काय असतं ते मला पिराजीनं सांगितलं. "मालक, ताईंनी तुमास्नी भाईर घालवून आतनं कडी लावलीया," म्हणाला. फोरमन माझा, पगार माझा, आणि हसत होता तुझ्या बाजूनं. म्हणून कागद घेतला. पिराजी बहिणीकडं वारणानगरला येतोच, त्याच्या हाती पाठवतोय. कागदाला कडी लावता येत नाही. फाडता येतो, पण तू माझीच पोरगी, आधी वाचणार आणि मग फाडणार.

शनिवारी गॅदरिंगला तूही होतीस आणि मीही होतो. पण तू काय बघितलंस आणि मी काय बघितलं यात फरक आहे. माझं ऐक.

पडदा वर गेला तेव्हा मोठ्या गटाची सगळी पोरं ओळीनं उभी. सगळ्यांनी एका सुरात पाढे म्हटले. त्यात राजवीरचा आवाज सगळ्यात वर होता, हे तू नाकारू नकोस. मागच्या रांगेतल्या अनोळखी बाईनंसुद्धा विचारलं, कडेचं ते पोरगं कुणाचं. मग बाकीची पोरं मागं सरली आणि राजवीर एकटा पुढं आला. अवंतिका मॅडम माईक घेऊन त्याच्या शेजारी. खाली लोकांचा गलका, शिट्ट्या. मॅडमनी विचारलं, "राजवीर, सेव्हन एट जा?" आणि उत्तर घ्यायला हात पुढं केला. पोरानं मॅडमच्या तोंडाकडं बघितलं, हाताकडं बघितलं, मान हलवली आणि चालू लागलं. विंगेतनं आत, आतनं बाहेर. लोक हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. मला वाटलं, लघवीला गेला असंल.

पुढचं तुला ठाऊक आहे. आत नाही, बाहेर नाही, फाटकाशी नाही. कुणीतरी रंकाळा तळ्याचं नाव काढलं आणि तू खाली बसलीस. मी माणसं तिकडं पळवली, मीही पळालो. आणि पोरगं कुठं? माझ्याच गाडीच्या डाव्या दाराला टेकून उभं. पिराजी मागनं हाका मारत गेला तरी ओ देईना, खांद्याला हात लावल्यावर दचकलं. मला राग आला तो त्याचा. हाक कानावर पडत असताना गप्प उभं राहायचं, ही कसली मस्ती?

मी त्याला दरडावलं, तर तू चार माणसांत माझ्यावर ओरडलीस, "अण्णा, हे माझं पोरगं हाय, तुमच्या शॉपमधला जॉब न्हाय, टांगून ठोकून बघायला!" आणि त्याच अंगावरच्या कपड्यानिशी त्याला घेऊन एसटीत बसलीस.

बरं, जॉबचं निघालंच आहे तर ऐक. भट्टीतल्या लोखंडातनं ओतलेला जॉब मी साखळीला टांगतो आणि हातोडीनं टिचकी मारतो. घुमला तर चांगला, बद्द वाजला तर आत चीर. बाहेरनं कितीही चकचकीत असू दे. अख्ख्या शिरोली एमआयडीसीत लोक मशिनीवर तपासायला पाठवतात आणि मशिनीवर विश्वास नसला की माझ्याकडं आणतात. माझ्या कानाला फसवणारा आवाज अजून जन्माला यायचाय. त्याच कानानं सांगतो, तुझं पोरगं घुमतं. त्याच्यात चीर नाही.

आणि पाढे शाळेनं शिकवले असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातनं काढ. चाळीस पोरांच्या गोंगाटात काय शिकणार? शिकवले मी. सकाळी शाळेला सोडताना, दुपारी आणताना. तो माझ्या शेजारच्या सीटवर, मी स्टेअरिंगवर. मी सेव्हन एट जा म्हणायचा अवकाश, हा फिफ्टी सिक्स. मध्ये एसटी आडवी आली तरी चुकायचा नाही. बी.एड. केलेल्यांना वर्गात जमलं नाही ते चौथी नापास माणसानं गियर बदलत करून दाखवलं. माझी पद्धत आहे ती. उद्या कुणी विचारलं तर सांगेन, पोरांना शिकवायचं असेल तर गाडीत बसवा.

एप्रिलमध्ये पहिलीसाठी मुलाखत आहे. महिनाअखेरीला त्याला आणून सोड. जावईबापू जोतीरामरावांना दुधाच्या टँकरपुढं वेळ नसेल तर पिराजी गाडी घेऊन येईल.

तुझा
अण्णा

ता.क. सायकल अंगणात आहे. तुझी आई तिच्यावरनं रोज फडकं फिरवते आणि माझ्याशी बोलत नाही. तिला काय झालंय ते तू विचार.

 

कोल्हापूर
२१ फेब्रुवारी

क्रांती,

तुझी चिठ्ठी पिराजीनं दिली. बापाच्या दोन पानांना दोन ओळी. "राजवीर म्हणतो, मॅडमनी जा म्हटलं म्हणून मी गेलो. त्याला का घालवलं ते शाळेत विचारा, मग मला शिकवा."

विचारलं. काल शाळा भरायला आणि मी पोचायला एकच गाठ पडली. हेडबाईंनी खुर्ची दिली, मी बसलो नाही. म्हटलं, "माझ्या नातवाला जा म्हणून कुणी सांगितलं?"

अवंतिका मॅडमला बोलावलं. पोरसवदा आहे, तुझ्याहून लहान. म्हणाली, "सर, मी त्याला कशाला जा म्हणेन? मी फक्त प्रश्न विचारला."

"काय विचारला?"

"सेव्हन एट जा?"

"परत म्हणा."

"सेव्हन एट जा?"

"आणि एकदा."

हेडबाई मध्येच म्हणाल्या, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"बाई, मला येतंय. तुमास्नी येतंय का बघा."

तेवढ्यात शेजारच्या वर्गात पाढे सुरू झाले. टू वन जा टू, टू टू जा फोर, टू थ्री जा सिक्स. क्रांती, वर्षभर मी हे ऐकतोय आणि काल पहिल्यांदा ऐकलं. चाळीस पोरं कुणाला तरी घालवत होती. जा, जा, जा. भिकाऱ्याला घालवावं तसं.

म्हटलं, "ह्यो जा कुठनं आला?"

हेडबाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "मुळात ते 'आर' आहे, काका. टू टूज आर फोर. भरभर म्हणताना त्याचं जा होतं. सगळीकडं जाच म्हणतात. आम्हीसुद्धा लहानपणी जाच म्हणायचो."

"मग तुम्ही कशा गेला न्हाईसा?"

शिपाई दारात उभा होता, तो हसून आत सटकला. मी मात्र हसलो नाही. हेडबाईंना म्हटलं, पाच वर्षांचं पोर आहे ते. घरात जा म्हणजे जा. आजी म्हणते, जा, हात धू. मी म्हणतो, जा, चप्पल आण. मॅडम हात पुढं करून म्हणते जा, ते गेलं. सांगितलेलं ऐकलं, त्याला तुम्ही उद्धट म्हणता? वरनं शाळेच्या दारावर केवढा बोर्ड, पहिलीच्या आत वीसपर्यंत पाढे! बोर्ड रंगवणाऱ्याला तरी विचारायचं, वीस म्हणजे किती ते पोरांना कळतं का. मी टेबलावरचे खडू उचलले, शेजारच्या वर्गात शिरलो आणि पहिल्या बाकावरच्या पोरीला म्हटलं, "बाळ, दोन-दोन असे चार जणांना दे बघू." ती म्हणाली, "टू फोर जा एट," आणि खडू हातात धरून उभी राहिली. एकालाही दिला नाही.

मी एवढ्या जोरात बोललो की छोट्या गटातलं एक पोरगं रडायला लागलं. त्याबद्दल वाईट वाटलं. बाकी कशाबद्दल नाही. हेडबाईंना सांगून आलो, एक तर नीट 'आर' म्हणा, नाही तर सरळ बे चोक आठ म्हणा. त्यात कुणी कुठं जात नाही.

मीही गाडीत जा-जाच करत होतो, हे तू म्हणायच्या आधी मीच लिहितो. पण चालत्या गाडीतनं पोरगं जाणार कुठं?

तर सापडलं. चूक शाळेची, पोराची नाही, माझी तर नाहीच. आता राग सोड. मुलाखतीत कुणी जा म्हणणार नाही, हे मी हेडबाईंकडून कबूल करून घेतलंय. पिराजीला रविवारी गाडी घेऊन पाठवू का, तेवढं कळव.

तुझा
अण्णा

 

कोल्हापूर
७ मार्च

क्रांती,

पिराजी रिकामी गाडी घेऊन परत आला. वर तुझी चिठ्ठी. "वर्गात चाळीस पोरं आहेत. बाकीची का गेली नाहीत?"

हे विचारायला पेठ वडगावच्या कॉलेजात घातलं होतं का तुला? बाकीची गेली नाहीत कारण बाकीच्यांना सांगितलेलं ऐकायची सवय नाही. आपल्याला आहे. झालं उत्तर.

पुढं लिहितेस, हाक मारली तर ओ देत नाही, टीव्ही मोठा लावतो, एका कुशीवर झोपला की उठवता उठत नाही, लाडानं हट्टी करून पाठवलात. पोरगं तुझ्याकडं येऊन महिना झाला, आणि खोड माझी? टीव्हीवरनं मी त्याला इथं किती रागावलोय ते तुझ्या आईला विचार. आवाज बारीक कर म्हणून मी ओरडायचो आणि तो माझ्याकडं पाठ करून बसायचा. मी उठून जाऊन बंद करायचो. धाक लावायचा तो मीच लावला. तुम्ही दोघं महिन्यातनं एकदा खेळणं घेऊन यायचा.

आता एक गोष्ट तुझ्या कानावर दुसरीकडनं जाईल, त्याच्या आधी मीच घालतो. गॅदरिंगच्या आधीही तो वर्गातनं उठून गेला होता. एकदा नाही. दिवाळीनंतर ते सुरू झालं. मॅडमचा फोन यायचा, "सर, राजवीर प्रश्न विचारला की उठून बाहेर जातो, व्हरांड्यात उभा राहतो." मी गाडीत विचारायचो, का रे गेलास? म्हणायचा, मॅडमनी घालवलं. मी म्हणायचो, खोटं बोलू नको. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू दिवाळीतच त्याला घेऊन गेली असतीस.

तर ती अवंतिका मॅडम परवा माझ्या शॉपवर आली. स्कूटरवरनं, शिरोलीपर्यंत. भट्टी चालू, चार लेथ चालू, तिला स्वतःचं बोलणं ऐकू येईना. मला तिचं सगळं ऐकू येत होतं. चहा दिला. पिराजीला खुणेनं सांगितलं, साखर घालू नको.

म्हणाली, "सर, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, तुम्हाला येतंय का बघा. ते डोक्यातनं गेलं नाही. मी वर्गात बसून आठवत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मुलांच्या जागा बदलल्या. राजवीरला उजव्या भिंतीच्या कडेला बसवलं. आधी तो खिडकीशी, डाव्या भिंतीला होता, तेव्हा कधी उठून गेला नाही. सगळ्यांबरोबर म्हणताना तो चुकत नाही, कारण ते त्याला पाठ आहे आणि सगळे मोठ्यानं म्हणतात. एकट्याला विचारलं की घोटाळा होतो. मला वाटतं, त्याला माझा अर्धाच प्रश्न पोचतो. शेवटचा जा आणि माझा हात, एवढंच."

"म्हणजे काय म्हणायचंय तुमास्नी?"

"सर, त्याचे कान तपासलेत का?"

क्रांती, मी उठलो. पुढं काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढं म्हटलं, "बाई, चूक तुमच्या जा मध्ये हाय. ती तुम्ही माझ्या नातवाच्या कानात ढकलताय."

ती जागची हलली नाही. म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत आजारी होता का तो?"

"गालगुंड झालं हुतं. कुणाच्या पोराला होत न्हाय?"

"ताप होता?"

"असंल की! ताप येत न्हाय व्हय?"

ताप होता. बराच होता, आणि तोल गेल्यासारखा भिंतीला धरून चालत होता. तेही तुला सांगितलं नाही. तुझ्या आईनं मीठ तव्यावर गरम करून शेकलं, गाल उतरला, पोरगं खेळायला लागलं, विषय संपला. सणासुदीत तुला कशाला पळवायचं?

मी त्या बाईला आतल्या बाजूला घेऊन गेलो. म्हटलं, "ऐका. तो दुसरा लेथ. काय ऐकू येतंय?"

"आवाज येतोय, सर. सगळाच."

"त्याचं बेअरिंग जायला आलंय. चार-आठ दिवसांत बसंल. ऑपरेटरला न्हाय कळलं, मला कळलं. माझा बा रात्री गोठ्यात म्हशीचा श्वास बदलला की झोपेतनं उठायचा. आमच्या रक्तात कान हाय. ह्या घरातल्या पोराला तुम्ही भैरा म्हणताय?"

"मी बहिरा म्हटलं नाही, सर," ती म्हणाली. चहाचा कप खाली ठेवला, सगळा प्यायली होती, आणि स्कूटरला किक मारून गेली. स्कूटरचा प्लग खराब आहे, ते तिला सांगायचं राहिलं.

तिनं तुझा नंबर मागितला होता, मी दिला नाही. तरी शाळेच्या कागदावर असणारच. फोन आला तर उचलू नकोस. बापाचा उचलत नाहीस, तिचा कशाला उचलतेस? पोरगं चांगलं आहे. उगाच दवाखान्यात फिरवून त्याच्या मनात घालू नकोस की आपल्यात काहीतरी खोट आहे. एकदा बद्द म्हणून बाजूला टाकलेला जॉब परत कुणी हातात घेत नाही. मी आयुष्यभर ते बघितलंय. भंगारात जातो तो.

मुलाखतीची तारीख आली आहे. सात एप्रिल. त्या आत तो इथं पाहिजे.

अण्णा

 

कोल्हापूर
२९ मार्च

क्रांती,

काल तू फोन केलास. दीड महिन्यानं कडी काढलीस आणि राजवीरला डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणालीस. मग तू हॅलो हॅलो करत राहिलीस. मी ऐकत होतो. रेंज गेली नव्हती.

राग आलाय मला. कुणाचा, ते मलाच ठरवता येईना, म्हणून सगळ्यांचा लिहितो.

तुझा आला, कारण तू मला न सांगता त्याला तपासायला नेलंस. म्हणजे मी उचलू नको म्हटलेला फोन तू उचललास. इथं कोल्हापुरात येऊन, माझ्या घरावरनं पुढं जाऊन तपासलंस आणि माघारी गेलीस. बाप काय त्या मशीनच्या तारा तोडणार होता?

कदाचित तोडल्या असत्या. बरं केलंस.

डॉक्टरचा आला. गालगुंडानं एका कानाची शीर सुकते आणि असं होतं, हे त्याला एवढं सहज माहीत आहे तर चौकात बोर्ड का लावत नाही? पाढ्यांचे बोर्ड लावतात. औषध नाही, ऑपरेशन नाही, आणि दुसरा कान चांगला आहे म्हणून काळजी करू नका म्हणाला म्हणे. काळजी कुणी करायची ते तो सांगणार!

तुझ्या आईचा आला. ती आता म्हणते, "मला वाटलंच हुतं." वाटलं होतं तर बोलायचं. म्हणते, "तुमच्यापुढं कानाचं कोण बोलणार?"

आणि त्या अवंतिका मॅडमचा आला, कारण तिच्यावर रागवायला काही शिल्लक ठेवलं नाही तिनं. काल संध्याकाळी तिच्या घरी गेलो. दारातच म्हणाली, "या सर." मी म्हटलं, "स्कूटरचा प्लग बदलून घ्या." एवढंच बोललो. तिनं चहा दिला. साखर घातली होती.

तरी मला पटत नव्हतं, क्रांती. तू म्हणशील, हा माणूस कागदावर छापून आलेलं मानत नाही. नाहीच मानत. गाडीत तो एकही चुकत नव्हता, त्याचं काय? ज्याला ऐकू येत नाही ते पोरगं एसटीच्या हॉर्नमध्ये, ट्रकच्या खडखडाटात फिफ्टी सिक्स कसं म्हणेल? वर्गात येत नाही आणि माझ्या गाडीत येतं, म्हणजे माझ्या पद्धतीत काहीतरी होतंच की. रात्रभर तेच डोक्यात.

आज सकाळी शॉपवर गेलो. कापसाचा बोळा केला, तेलात भिजवला आणि डाव्या कानात गच्च बसवला. वरनं बोट दाबून धरलं. पिराजीला म्हटलं, जॉब टांग आणि माझ्या डाव्या अंगाला उभा राहून मार टिचकी. आधी चिरलेला, मग चांगला, मग कुठलाही. लेथ सगळे चालू ठेव. तो मारत राहिला, मी सांगत राहिलो. चांगल्याला चिरलेला म्हटलं. चिरलेल्याला चांगला म्हटलं. एकदा तर त्यानं मारलीच नव्हती आणि मी म्हटलं, घुमला. कामगार गोळा झाले होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग पिराजी मागं फिरून काहीतरी बोलला. मला फक्त शेवटचा शब्द कळला. म्हटलं, काय? तो परत बोलला. मी परत म्हटलं, काय? तिसऱ्यांदा मी नुसती मान हलवली. कळल्यासारखी. क्रांती, स्टेजवर राजवीरनं हलवली होती तशीच. लाज वाटते म्हणून हलवायची. आणि मॅडमनी घालवलं म्हणाला तेव्हा मी त्याला खोटारडा म्हटलं होतं.

तू फोनवर म्हणालीस, जूनला त्याला तिथंच मराठी शाळेत घालतेस. सात तारखेच्या मुलाखतीला येणार नाहीस. मी हेडबाईंना कळवलंय, आम्ही येणार नाही. तिथल्या बाईंना मात्र पहिल्याच दिवशी जाऊन सांग, त्याला डाव्या भिंतीला बसवा, म्हणजे चांगला कान वर्गाकडं राहील. लाजू नकोस सांगायला. नाही तर मी येऊन सांगतो. नको, तूच सांग, मी मोठ्यानं बोलतो. आणि पाढ्यांची घाई करू नका म्हणावं. आधी दोघांना दोन-दोन बोरं वाटू दे.

सायकल पिराजीबरोबर पाठवतोय. तिला घंटी होती ती उजव्या हाताला लावून घेतली आहे. त्याला रस्त्यावर एकटा सोडू नका, मागनं गाडी कुठल्या बाजूनं येते ते त्याला कळणार नाही. डॉक्टरनं हे सांगितलं का? मला आज शॉपमध्ये कळलं. ट्रॉली मागनं आली आणि मी चुकीच्या बाजूला वळलो.

पाडव्याला या म्हणत नाही. तुमची सोय बघा. त्याला माझ्याशी बोलायचं नसेल तर जबरदस्ती करू नको. बोलायचं असेल तर फोन उजव्या कानाला लाव.

शॉपमधनं घरी येताना पिराजीला गाडी चालवायला सांगितलं. कापूस काढला नव्हता. मी राजवीरच्या सीटवर बसलो. म्हटलं, काहीतरी बोल. तो म्हणाला, काय बोलू? म्हटलं, पाढे म्हण. त्याला इंग्रजी येत नाहीत, तो बे एके बेपासनं सुरू झाला. हायवेला ट्रक, हॉर्न, खिडकी उघडी. एकूण एक शब्द ऐकू आला.

गाडीत राजवीरचा उजवा कान माझ्या बाजूला असायचा.

अण्णा